आई-बाबा येतायत, पण उतरणार कुठे?

नाहूरच्या आमच्या वन बीएचकेत एका मे महिन्यात नऊ माणसं झोपली होती. गावाहून आत्या, तिची दोन मुलं, आजी, शिवाय मुंबई बघायला आलेलं कुणीतरी, ज्याचं आमच्याशी नातं काय हे मला अजून नीट सांगता येत नाही. गाद्या घातल्या, डायनिंग टेबल भिंतीला सरकवलं, बाबा पंख्याखालची जागा सोडून पॅसेजमध्ये गेले. संपलं. कुणी कुणाकडे बुकिंगचा कागद मागितला नाही.

आता हेच उलटं करून बघा. तुम्ही बार्सिलोनात मास्टर्स करताय. चौघांच्या फ्लॅटमध्ये तुमची एक खोली, त्यात एक सिंगल बेड आणि एक कपाट. आणि व्हिडिओ कॉलवर आई म्हणते, "आम्ही येतो गं मे महिन्यात. तुझ्याकडेच राहू, खाली अंथरून झोपू. आम्हाला काय लागतं?"

माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत अगदी हेच झालं. ताई तिकडे, मावशी आणि काका इथे आमच्या समोरच्या विंगमध्ये, आणि फॉर्म भरायला मी, कारण 'तू पेपरात काम करतेस ना, तुला इंग्लिश येतं.' (इंटर्न आहे हो. पण घरात हा फरक कुणाला सांगणार?) तीन रविवार या फाइलमध्ये गेले. त्यात एक गोष्ट लक्षात आली. पासपोर्ट, फोटो, बँक स्टेटमेंट हे सगळं जमवता येतं. अडतं ते 'राहणार कुठे' या एका रकान्यापाशी. आणि तो रकाना भरताना तुम्ही, इच्छा असो-नसो, बार्सिलोनाच्या सगळ्यात मोठ्या भांडणात उतरलेले असता.

आधी कागदांचं बघू. आई-बाबांना भेटायला यायचं तर शॉर्ट स्टे शेंगेन व्हिसा लागतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोचं कव्हर असलेला विमा. वर स्पेनची स्वतःची अट अशी की, रोजच्या खर्चाला पुरेसे पैसे आहेत हे दाखवायचं. २०२५ साठी हा आकडा माणशी दिवसाला ११८.४० युरो होता. दोघं जण पंधरा दिवस, करा हिशोब. साडेतीन हजार युरोंच्या वर जातो. म्हणजे साधारण साडेतीन लाख रुपये, तेही खर्च करायला नाही, नुसते खात्यात दिसायला.

आणि हे खातं कुणाचं? ज्यांनी ताईच्या एज्युकेशन लोनवर सह-कर्जदार म्हणून सह्या केल्यात, त्याच काकांचं. त्यांच्या स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला जाणारा हप्ता दिसतो. पोरीला तिकडे पाठवायला जे कर्ज काढलं, तेच पोरीला भेटायला जाताना फाइलीतून डोकं वर काढून बघतं. काकांनी त्या ओळीवर पिवळा हायलायटर मारून मला विचारलं, "हे लपवायचं का?" नाही लपवायचं. कव्हरिंग लेटरमध्ये सरळ लिहायचं की मुलगी तिथे शिकते, तिच्यासाठी कर्ज घेतलंय, हप्ते वेळेवर जातात. लपवाछपवीचा वास आला तर प्रामाणिक अर्जही अडकतो. २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि साधारण १ लाख ६५ हजार नाकारले गेले. म्हणजे सातात एक. त्यातले पंधरा हजारांच्या आसपास एकट्या स्पेनने नाकारले.

तुम्ही म्हणाल, मुलगीच तिथे आहे, तिने एक पत्र दिलं की झालं. स्पेनमध्ये असं आमंत्रणपत्र असतं. त्याला 'कार्ता दे इन्व्हितासिओन' म्हणतात आणि ते पोलिसांकडून काढावं लागतं. पण इथे एक शब्दाची गंमत आहे. स्पॅनिश कायद्यात विद्यार्थ्याच्या राहण्याला 'रेसिदेन्सिया', म्हणजे निवास म्हणत नाहीत. त्याला म्हणतात 'एस्तान्सिया', म्हणजे मुक्काम. दोन वर्षं भाडं भरा, भाजीवाल्याशी कॅटलानमध्ये दोन वाक्यं बोला, कागदोपत्री तुम्ही मुक्कामालाच आहात. जो स्वतः पाहुणा आहे त्याने यजमान म्हणून सही करायची, हे अवघडच. त्यामुळे बहुतेक विद्यार्थी त्या वाटेला जात नाहीत, सरळ हॉटेलचं बुकिंग जोडतात. व्हिसाच्या फाइलीत मावशी-काका ताईचे पाहुणे नाहीतच. ते एका हॉटेलचे पाहुणे आहेत.

मावशीला हे पटेना. "पोटच्या पोरीकडे जायचं आणि हॉटेलात उतरायचं? लोक काय म्हणतील?" यावर ताईने भाडेकरार उघडून दाखवला. खोलीत रात्री दुसऱ्या कुणी राहायचं नाही, असं त्यात लिहिलेलं. फ्लॅटमधले बाकीचे तिघं चांगले आहेत, पण बाथरूम एक.

मग काकांनी मोबाइलवर एक फ्लॅट शोधला. सुट्टीसाठी दिवसावर मिळतो तसला. हॉटेलपेक्षा स्वस्त, दोन खोल्या, बाल्कनी आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचं महत्त्व तिथे गेल्याशिवाय कळत नाही. दुपारच्या जेवणाची किचन चारच्या सुमारास बंद होतात, ती रात्री साडेआठच्या आधी क्वचितच उघडतात. काकांची मधुमेहाची गोळी साडेसातच्या जेवणाला बांधलेली. मावशी शाकाहारी. 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको असं सांगितलं तरी सॅलडवर टूना येऊ शकतो, कारण तो मासा आहे, मांस नाही. तोर्तिया नुसती बटाट्याची म्हणावी तर तिच्यात अंडं. म्हणून वरण-भात लावता येईल असा फ्लॅट. किती साधी गरज आहे!

ताईने नाही म्हटलं.

का, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. ६ जुलै २०२४ ला बार्सिलोनात मोर्चा निघाला. सुमारे २८०० माणसं होती. काहींनी ला रांबला भागात हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याची पिस्तुलं उडवली. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, मीम्सही पाहिली असतील. आपल्याकडे त्याची बातमी 'पर्यटकांना हाकललं' अशीच फिरली. पण चिडायचं कारण पर्यटकांचे चेहरे नव्हते, घरं होती. त्याच्या दोनच आठवडे आधी महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं होतं की शहरातल्या १०,१०१ टुरिस्ट फ्लॅट्सचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर पुढे चालू ठेवणार नाही. दहा वर्षांत भाडी ६८ टक्क्यांनी वाढलीत, हा आकडा त्यांनीच तेव्हा दिला. ज्या फ्लॅटमध्ये एखादं कुटुंब वर्षानुवर्षं राहिलं असतं, तो रोजच्या भाड्याने दिला तर मालकाला जास्त मिळतात. मग तो कुटुंबाला का देईल?

यात विद्यार्थी कुठे बसतो? अगदी मध्ये. मार्च २०२४ मध्ये कॅटालोनियात भाड्यांवर मर्यादा आली. त्यातून सुटायला बरेच मालक 'सीझनल' करारांकडे वळले. अकरा महिन्यांचे, थोडक्या मुक्कामाचे. (लिव्ह अँड लायसन्सचे अकरा महिने आठवले ना?) असे करार कोण घेतं? बाहेरून आलेले विद्यार्थी. म्हणजे ताई एकीकडे चढ्या भाड्याने पिचते आणि दुसरीकडे, शेजारच्या आजींच्या नजरेत, भाडं चढवणाऱ्यांपैकीच एक असते. आता त्याच जिन्यात, चाकांच्या बॅगा खडखडवत, आपलेच आई-बाबा टुरिस्ट फ्लॅटमध्ये उतरवायचे?

काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "आम्ही काय टुरिस्ट आहोत का? मुलीला भेटायला येतोय." भावना शंभर टक्के खरी. पण प्रामाणिकपणे सांगते, युक्तिवाद म्हणून मला तो कच्चा वाटतो. मुलीला भेटायला आलेला माणूस आणि 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' बघून आलेला माणूस, दोघंही झोपतात त्याच बेडवर. भाड्याच्या गणितात दोघांचं वजन सारखंच. २०२४ मध्ये स्पेनमध्ये जवळपास ९ कोटी ४० लाख परदेशी पर्यटक आले. त्यातल्या कितीतरी जणांचं तिथे कुणी ना कुणी असेलच.

दुसऱ्या टोकाचंही मला पटत नाही. एका विद्यार्थिनीने आई-बाबांना कुठे झोपवलं यावर शहराचा घरांचा प्रश्न सुटणार नाही. परवाने वाटले ते प्रशासनाने, पैसा कमावला तो मालकांनी. सरकारंही दोन तोंडांनी बोलतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ वडोदऱ्यात आले, तेव्हा २०२६ हे भारत आणि स्पेनचं 'संस्कृती, पर्यटन आणि एआय' वर्ष म्हणून साजरं करायचं ठरलं. या म्हणायचं दिल्ली-माद्रिदने, आणि पाण्याची पिचकारी खायची रांबलावर बसलेल्या कुणा जोडप्याने.

शिवाय, आपल्याला हे इतकं परकं वाटायचं कारण नाही. तुमच्या सोसायटीत कुणी फ्लॅट बॅचलरना द्यायचं काढलं की एजीएममध्ये काय होतं? आमच्याकडे एकदा दोन तास फक्त त्यावर गेले होते. स्पेनमध्ये ३ एप्रिल २०२५ पासून नियमच आहे की, इमारतीत नवा टुरिस्ट फ्लॅट सुरू करायचा तर मालकांपैकी तीन-पंचमांश जणांची मंजुरी हवी. काकांना मी हे 'सोसायटीची एनओसी' म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा मुद्दा कळला. ते सोसायटीचे माजी खजिनदार आहेत.

आणखी एक किस्सा त्यांना आवडला. पार्क ग्वेलकडे जाणाऱ्या ११६ नंबरच्या छोट्या बसमध्ये पर्यटकांची इतकी गर्दी व्हायची की वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना चढायला मिळेना. २०२४ मध्ये महापालिकेने ती बस गुगल मॅप्सवरूनच काढायला लावली. बस धावते, नकाशात दिसत नाही. सकाळी नाहूरला उभं राहून, ठाण्याहून भरून आलेल्या स्लो लोकलच्या दारात पाय ठेवायला जागा शोधणाऱ्याला ही कल्पना लगेच पटते. फास्ट तर आपल्याकडे थांबतच नाही.

तर शेवटी ठरलं काय? एक, तारीख बदलली. मे महिना इथल्या सुट्टीचा असला तरी तिकडे सबमिशनचा. आई-बाबा दारात आणि प्रबंध लॅपटॉपवर अर्धवट, यात दोघांचेही हाल. आता जुलै. उकाडा असेल, पण ताई मोकळी असेल. तुमच्यापैकी कुणी या वर्षी जाणार असाल तर घरच्यांना पहिल्याच महिन्यात परीक्षेचं वेळापत्रक पाठवून ठेवा, हे सांगायला मला कुणी पैसे दिलेले नाहीत.

दोन, जागा. बार्सिलोनाला चिकटून लॉस्पितालेत नावाचं वेगळं शहर आहे. मेट्रोची लाल लाइन तिथून थेट प्लासा कातालुन्याला येते. तिथे कुटुंबाने चालवलेल्या एका छोट्या 'ओस्ताल'मध्ये खोली घेतली. बाल्कनी नाही. काकांनी विचारलं, "गावाबाहेर का?" मी म्हटलं, आपल्याकडे येणाऱ्यांना आपण 'मुंबईत राहतो' सांगतो आणि नाहूरला उतरवतो, तसंच. उन्हाळ्यात काही विद्यार्थी वसतिगृहंही रिकाम्या खोल्या पाहुण्यांना देतात, तोही पर्याय होता, पण तिथे बेड वेगवेगळे आणि मावशीने त्यावर काही न बोलता मान हलवली.

तीन, स्वयंपाक. ताईने फ्लॅटमधल्या तिघांशी बोलून घेतलं. दिवसा आई-बाबा येतील, संध्याकाळी लवकर जेवतील, दहाच्या आत आपल्या खोलीवर जातील. रात्री कुणी राहणार नाही, म्हणजे करारही मोडत नाही. 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई' ही म्हण मावशीनेच मला ऐकवली, आणि मग स्वतःच म्हणाली, "बरंय, आपण राहतच नाही आहोत."

आता भांडण बॅगेवर आलंय. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप आणि पेढे बाद. ताजी फळं न्यायची तर रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणून हापूसही बाद. (जुलैत तसाही संपलेला असतो, पण मावशीने वाद घातला.) त्या नियमातून सुटलेली पाचच फळं आहेत: अननस, केळी, खजूर, दुरियान आणि नारळ. मसाले तिथे एल रावाल वस्तीतल्या दुकानांत मिळतात, हे मी तीनदा सांगितलं.

अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारी आहे. बोटांचे ठसे, फोटो, फाइल. काल रात्री मावशीने खिडकीतून हाक मारून विचारलं, "त्या फ्लॅटमध्ये ही धरून चौघं ना गं? आणि आम्ही दोघं?" मी हो म्हटलं. व्हिसाचा पत्ता नाही, तिकीट काढलेलं नाही, आणि तिने सहा जणांच्या हिशोबाने भाजणी दळायला दिलीय. नारळ दोन.