बाण रखडतो, चित्र दिसत नाही



घरात संगणक आला म्हणजे प्रारंभी त्याचे मोठे कौतुक होते आणि पुढे तक्रारी सुरू होतात. त्यांपैकी दोन तर घरोघर ऐकू येतात. माऊस हलविला तरी पडद्यावरील बाण, ज्यास कर्सर म्हणतात, तो मागून रखडत येतो. आणि छायाचित्र उघडावयास जावे तर रिकामी चौकट तेवढी दिसते. दुकानदारास विचारावे तर तो म्हणतो, "यंत्र जुने झाले, नवे घ्या." शेतकऱ्याच्या घरी नव्या यंत्राचा खर्च काही थोडाथोडका नसतो. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे पाहिलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदाहरणासाठी आज आम्ही वाचकांस उटनूरला नेतो. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या डोंगराळ मुलखात हे गाव आहे. आदिवासी विकासाची मोठी सरकारी कचेरी तेथे आहे. शाळेत व कचेरीत तेलुगु, बाजारात मराठीही, आणि भोवतालच्या वस्त्यांत गोंडी, असा तेथील भाषाव्यवहार. उन्हाळा मोठा कडक. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. जिल्ह्याचे मुख्य पीक कापूस. ऊन, कापूस आणि तीन लिप्या! संगणकाच्या या तक्रारी समजून घ्यावयास याहून सोयीचे ठिकाण आम्हांस सुचत नाही.

प्रथम बाणाचा विचार करू. पहिला माऊस १९६४ साली अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी बनविला. तो लाकडी होता व चाकांवर सरकत असे. आजच्या माऊसच्या पोटात इवलासा डोळा असतो. तो खालच्या पृष्ठाची चित्रे सेकंदाला हजारांहून अधिक वेळा टिपतो आणि एका चित्राची दुसऱ्याशी तुलना करून हात किती सरकला हे ओळखतो. काचेवर किंवा गुळगुळीत चकचकीत मेजावर त्या डोळ्यास धरावयास खूणच सापडत नाही. मग बाण उड्या मारू लागतो. याला औषध एकच: खाली वहीचा पुठ्ठा ठेवावा. बिनतारी माऊस असेल तर बॅटरी बदलून पाहावी.

बाण उड्या मारीत नाही, परंतु सावकाश ओढल्यासारखा येतो, टंकलेली अक्षरेही उशिराने उमटतात, अशी स्थिती असेल तर माऊस निर्दोष आहे. पडदा साधारणपणे सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगविला जातो. यंत्राचा मेंदू दुसऱ्या कामात गुंतला म्हणजे हे रंगविणे मागे पडते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असता विंडोजमध्ये कामांची यादी उघडते आणि कोणता प्रोग्राम सारी शक्ती खात आहे ते तेथे कळते.

आणि येथेच उटनूरचे ऊन आडवे येते. मेंदूचा भाग फार तापला की स्वतःला वाचविण्यासाठी तो आपला वेग आपणच कमी करतो. दुपारी रखडणारा बाण पहाटे व्यवस्थित चालत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. कापसाचे तंतू व धूळ पंख्याच्या जाळीत बसली म्हणजे गरम वारा बाहेर पडत नाही. यंत्र बंद करून, वीज काढून, मऊ ब्रशाने ती जाळी साफ करावी. लॅपटॉप गादीवर ठेवून तर कधीच वापरू नये; तेथे त्याचा श्वासच कोंडतो. विंडोज नव्याने घातल्यापासूनच पडदा सुस्त झाला असेल तर मात्र कारण निराळे: पडद्याचा ड्रायव्हर, म्हणजे चित्रे रंगविणारी जोड, बहुधा बसलेली नसते. ती त्या यंत्राच्या उत्पादकाकडूनच घ्यावी. आणि एका वेळी एकच बदल करावा; चार उपाय एकदम केले तर गुण कशाने आला हे समजणार कसे?

आता चित्रांकडे वळू. आजच्या मोबाईलमधील साधे छायाचित्र ४००० ठिपके रुंद व ३००० ठिपके उंच असते, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख ठिपके. साठविताना ते दाबून बसविलेले असते, म्हणून ३-४ एमबी दिसते. उघडताच प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट लागतात आणि तेच चित्र स्मृतीत सुमारे ३६ एमबी जागा व्यापते. लग्नाच्या पुस्तिकेत अशी चाळीस छायाचित्रे घातली तर जवळजवळ दीड हजार एमबी झाली! ४ जीबी स्मृतीच्या यंत्राने आणखी काय करावे? बाण तेथेच अडखळतो. पुष्कळ घरांत ज्या दोन तक्रारी म्हणून सांगितल्या जातात, त्या अशी एकच असतात. चित्रे आधी लहान करून घ्यावीत. यंत्र तेच राहते आणि काम मार्गी लागते.

चित्र मुळीच दिसत नसेल तर त्याचा प्रकार पाहावा. जेपेग हा प्रकार १९९२ पासूनचा. तो सर्वत्र उघडतो. २०१७ पासून आयफोन एचईआयसी नावाच्या प्रकारात छायाचित्रे साठवू लागला आणि तो प्रत्येक संगणकास ओळखता येत नाही. कित्येक मुले फाईलच्या नावाचे शेपूट तेवढे बदलतात. डब्यावरील चिठ्ठी बदलल्याने साखरेचे मीठ होत नाही. चित्र रीतसर रूपांतरित करावे लागते. अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत असेल आणि विद्यार्थ्याचा फोटो घेतला जात नसेल, तर प्रथम हेच तपासावे. चित्राचा खालचा अर्धा भाग करडा दिसला तर फाईल बहुधा अपुरी उतरली आहे. ती मूळ ठिकाणाहून पुन्हा घ्यावी.

राहता राहिल्या अक्षरांच्या चौकटी, आणि आम्हांस खरी कळकळ वाटते ती याविषयी. उटनूरशेजारच्या नारनूर मंडलात गुंजाळा नावाचे गोंड वस्तीचे गाव आहे. गोंडीच्या एका स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते हैदराबाद विद्यापीठाच्या संशोधकांस तेथे २००६ साली मिळाली. त्यापूर्वी, १९४३ साली निजामाच्या राज्यात हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञांनी मारलवाईस गोंड शिक्षकांची शाळा काढली, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके आपल्या देवनागरीत छापली गेली होती, कारण त्या मुलखात मराठीचा परिचय होता. संगणकास प्रत्येक अक्षर आकड्याने ओळखावे लागते. युनिकोड या जागतिक कोष्टकात देवनागरीस १९९१ सालीच स्थान होते. गुंजाळा गोंडीस ते २०१८ साली मिळाले.

त्यामुळे जुन्या यंत्रावर त्या लिपीतील मजकूर उघडला की ओळीच्या ओळी रिकाम्या चौकटींनी भरतात. एखाद्या गोंड मुलीस वाटावे की आपली अक्षरेच मोडकी आहेत! वस्तुस्थिती उलट आहे. चौकट दिसते याचा अर्थ अक्षराचा आकडा सुखरूप आला आहे, फक्त त्याचे रूप दाखविणारा फाँट त्या यंत्रात नाही. गूगलचा नोटो सॅन्स गुंजाळा गोंडी हा फाँट विनामूल्य मिळतो. तो घालताच चौकटींच्या जागी अक्षरे उभी राहतात. म्हणून चौकटी दिसल्या तर मजकूर पुसू नये व पुन्हा टंकू नये. कित्येक जण ही कटकट चुकविण्यासाठी मजकुराचे चित्र काढून पाठवितात. ते तेवढ्यापुरते दिसते खरे. पण चित्रातील शब्द शोधता येत नाही, सुधारता येत नाही, आणि पुढे कोणी त्या भाषेचा कोश करू म्हणेल तर त्यास तो उचलताही येत नाही. फाँट घालावयास पाच मिनिटे लागतात, तेवढी खर्चावीत.