उतारावरची साखळी

हिवाळा म्हटला म्हणजे आमच्या पालघर-बोईसरकडील मंडळींच्या डोळ्यांपुढें पहांटेचें पातळ धुकें, अंगणांतील शेकोटी आणि फार झालें तर एखादी शाल, एवढेंच उभें राहतें. बर्फ आमच्या लोकांनीं पाहिलेला असतो तो सातपाटीच्या मासळीच्या पेट्यांत, नाहीं तर उसाच्या रसाच्या पेल्यांत. तेव्हां बर्फासाठीं मोटारीच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात, हा विषय ह्या पानावर कशाला, असें कित्येक वाचकांना वाटेल. परंतु तारापूरचें अणुविद्युत्-केंद्र १९६९ सालीं चालू झालें, बोईसरकडे कारखान्यांची वसाहत वाढली, आणि त्या नोकऱ्यांवर वाढलेल्या व शिकलेल्या मुलांपैकीं कित्येक आज अमेरिकेंत, कॅनडांत किंवा जर्मनींत संसार थाटून बसलीं आहेत. त्यांचे आईबाप तिकडे जातात ते नेहमीं ऋतु पाहूनच जातात असें नाहीं. नातवंडाचा जन्म हा कांहीं उन्हाळ्याच्या सुटीची वाट पाहत थांबत नाहीं. म्हणून हा प्रश्न आतां दूरचा राहिलेला नसून घरचाच झाला आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत तो असाच निघाला. चिरंजीवांनीं परदेशीं घर घेतलें तें टेकडीवर. रस्त्यापासून घरापर्यंतची खाजगी वाट सुमारें शंभर फूट लांब, आणि चांगलीच उभी. बर्फ पडतो तो वर्षांतून चार-सहा वेळां. पण सूनबाईंचे दिवस भरत होते ते नेमके जानेवारींत. “मास्तर, मुलगा म्हणतो कीं गाडी चढेल अशी एक साखळी आणून ठेवतों, म्हणजे झालें. तुमचें काय मत?” असें त्या गृहस्थांनीं विचारलें. ‘गाडी चढेल अशी’ ह्या तीन शब्दांतच सर्व घोटाळा आहे, आणि तो उलगडून दाखवावा एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

पावसाळ्यांत पालघरहून मनोरकडे जातांना वाघोबा खिंडीचा चढ ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांना चाकाची पकड सुटणें म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. पूर्वी बैलगाडी चढावर थांबवावी लागली, तर गाडीवान प्रथम खालीं उडी टाकून चाकाखालीं दगडाची उटी लावी. गाडी वर कशी जाईल ही चिंता नंतरची, ती मागें येऊं नये ही पहिली. मोटारवाल्यांनीं हा क्रम विसरतां कामा नये.

आतां थोडें गणित. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाकाला आपल्यावरील भाराच्या सात-आठ दशांशांइतकी पकड मिळते. दाबून बसलेल्या बर्फावर ती दोन ते तीन दशांशांवर येते, आणि गोठून कांचेसारख्या झालेल्या पाण्यावर एखादा दशांश उरतो. त्यांतही फार कडक थंडीपेक्षां शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ अधिक निसरडा, कारण त्याच्या अंगावर पाण्याचा पातळ थर असतो. थंडी कमी झाली म्हणून निर्धास्त होणारा मनुष्य फसतो तो येथें.

पांच फूट पुढें गेल्यावर एक फूट चढणारी वाट घ्या. तिच्यावर गाडीला नुसतें उभें राहावयासच भाराच्या दोन दशांश पकड लागते. बर्फावर अडीच दशांश पकड आहे असें धरलें, तर चारही चाकें घट्ट धरलेली गाडी जेमतेम उभी राहील. पण चढतांना बहुतेक गाड्यांचीं दोनच चाकें ओढीत असतात. पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी गाडी असेल, तर त्या चाकांवर भाराचे दहांपैकीं सुमारें सहा भाग येतात. चढावर तर त्याहूनही कमी. अडीच दशांशांचे सहा दशांश म्हणजे दीड दशांश. लागतात दोन आणि मिळतात दीड! चाकें जागच्या जागीं गरगरतील आणि गाडी हलणार नाहीं. ही झाली चढणीची गोष्ट. तिच्यांत अपमान आहे, पण धोका थोडा.

आतां उतरणीची पाहा. अडीच दशांशांपैकीं दोन दशांश उतारच खाऊन टाकतो. गाडी थांबविण्यास उरतो अर्धा दशांश. सपाट बर्फावर ताशीं २० किलोमीटर वेगाची गाडी साधारणपणें ६ मीटरांत थांबेल. त्याच वेगाच्या, त्याच गाडीला ह्या उतारावर ३० मीटरांहून अधिक लागतील. शंभर फुटांची वाट म्हणजे तीस मीटर. वाट संपेल, पण गाडी थांबलेली नसेल. आणि वाटेच्या पायथ्याशीं तर रहदारीचा रस्ता. म्हणून ‘वर चढवील अशी साखळी कोणती’ हा प्रश्न सोडून ‘खालीं उतरतांना थांबवील अशी योजना कोणती’ असा प्रश्न करावा. शहाणपणाची पहिली पायरी तीच.

ह्या साखळीचा जन्म अमेरिकेंतला. न्यूयॉर्क राज्यांतील कॅनस्टोटा गांवच्या हॅरी वीड यांना १९०४ सालीं तिचें पेटंट मिळालें. चिखलांत किंवा बर्फांत चाक रुतूं लागलें म्हणजे त्या काळचे चालक चाकाला दोरखंड गुंडाळीत. त्याच युक्तीला वीड यांनीं लोखंडाचें रूप दिलें, असें सांगतात. तत्त्व साधें आहे. लोखंडाची कडी बर्फांत रुतते आणि चाकाला दांत फुटल्यासारखे होतात.

पण दांत कोणत्या चाकांना फुटावे? सर्वसाधारण नियम असा कीं, जीं चाकें गाडी ओढतात त्यांना साखळी बांधावी. चढणीपुरता तो बरोबर आहे. पुढचीं चाकें ओढणारी गाडी फक्त पुढच्या साखळ्यांवर उतरूं लागली, तर ब्रेक दाबतांच पुढचा भाग धरला जातो आणि मागचा भाग बाजूला फिरूं पाहतो. उलट, मागच्याच चाकांना साखळ्या असल्या तर वळविणारीं पुढचीं चाकें मोकळीं घसरतात. म्हणून वाट खरोखर उभी असेल, तर गाडीचें पुस्तक परवानगी देत असल्यास चारही चाकांना साखळ्या घेणें उत्तम. पैसा दुप्पट जाईल. पण ज्या वाटेसाठीं आपण खर्च करितों ती उतरण आहे, हें ध्यानांत ठेवावें. हातब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच दोन चाकांना लागतो, हेंही विसरूं नये.

बाजारांत चार जाती आढळतात. पहिली शिडीच्या घडणीची. हिच्या आडव्या कड्या चाकावर पायऱ्यांसारख्या येतात. ही स्वस्त व मजबूत. परंतु दोन पायऱ्यांमधील जागा मोकळी राहत असल्यामुळें बाजूला घसरण्यास तिचा आळा कमी, आणि गाडीला धक्केही फार. दुसरी शंकरपाळ्याच्या घडणीची. हिचा कोणता ना कोणता भाग सदैव जमिनीला टेकलेला असतो, म्हणून ती बाजूलाही धरते. वाटेला वळण असेल तर हीच घ्यावी. तिसरी पोलादी तारेच्या दोराची. ही बारीक असते, त्यामुळें जेथें चाकाभोंवती जागा थोडी तेथें बसते. मात्र कठीण बर्फावर तिचा चावा कमी. चौथी जात म्हणजे चाकाला घालावयाचे कापडी मोजे. वजनाला हलके, चढविण्यास सोपे, ताज्या बर्फावर उपयोगी. पण उघड्या डांबरावर ते लौकर फाटतात. वेळप्रसंगासाठीं ते गाडींत असूं द्यावे. रोजच्या उभ्या उतरणीसाठीं त्यांच्यावर विसंबूं नये.

साखळी निवडतांना टायरच्या कडेवरील आंकडे वाचावे. समजा, तेथें २०५/५५ आर १६ असें आहे. २०५ ही मिलिमीटरांत रुंदी. ५५ म्हणजे टायरची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ५५. आर हें टायरच्या रेडियल बांधणीचें चिन्ह. आणि १६ इंच हा आंतील लोखंडी चाकाचा व्यास. ह्यांतील एक आंकडा चुकला तरी साखळी सैल पडते किंवा बसतच नाहीं, आणि सैल साखळी ब्रेकची नळी तोडूं शकते. दुसरी गोष्ट चाकाभोंवतीच्या मोकळ्या जागेची. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें अडचणीच्या गाड्यांसाठीं ‘एस’ हा वर्ग ठरविला आहे. त्या वर्गाच्या साखळीला टायरच्या माथ्यावर सुमारें ३७ व आंतील कुशीला १५ मिलिमीटर जागा पुरते. आजच्या कित्येक गाड्यांत तेवढीही नसते, आणि त्यांच्या पुस्तकांत साखळीस स्पष्ट मनाई असते. तेव्हां दुकानदाराला विचारण्यापूर्वी गाडीचें पुस्तक उघडावें. विद्यार्थ्याला आम्ही प्रश्नपत्रिका दोनदां वाचावयास सांगतों, तें अशाच कारणासाठीं.

ज्याला वर्षांतून चारच वेळां साखळी लागणार, त्यानें तिच्या बळापेक्षां आपल्या हातांचा विचार अधिक करावा. वर्षानुवर्षें साखळी बांधणारा मालमोटारीचा चालक ती अंधारांतही बांधील. आपल्या चिरंजीवांचे हात दिवसभर कळफलकावर असतात. कांहीं साखळ्या बांधतांना गाडी अर्धें चाक पुढें न्यावी लागते. कांहींना पोलादी कडें असतें, तें चाकामागून सरकवून गाडी न हलवितां बांधणी होते. क्वचित् वापरणाऱ्यानें दुसऱ्या प्रकारासाठीं चार पैसे अधिक द्यावे. आणि आणल्या दिवशींच, कोरड्या अंगणांत, उजेडीं, ती तीनदां चढवून उतरवून पाहावी. मग एकदां हातमोजे घालून, विजेरीच्या उजेडांत. परीक्षेच्या रात्रीं पुस्तकाचीं पानें फाडून उघडणाऱ्या विद्यार्थ्याची जी गत, तीच बर्फांत गुडघे टेकून साखळीची पेटी प्रथमच उघडणाऱ्याची. बांधावयाची ती सपाट जागीं, उतारावर कधींही नाहीं. थोडें अंतर गेल्यावर उतरून पुन्हा ताणून घ्यावी. वेग बहुतेक कारखानदार ताशीं ३० मैलांपर्यंतच मान्य करितात. जर्मनींत कायद्यानेंच ५० किलोमीटरांची सीमा आहे. बर्फ संपतांच साखळी काढावी, नाहीं तर ती रस्ताही खाते आणि स्वतःही झिजते. घरीं आल्यावर धुवून, वाळवून ठेवावी. रस्त्यावरचें मीठ लोखंडाला गंज आणतें.

साखळी हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. पहिला उपाय हिवाळी टायरांचा. त्यांचें रबर थंडींतही मऊ राहतें, आणि ते चारही चाकांना असल्यामुळें चढण, उतरण व वळण तिन्ही सांभाळतात. तीन शिखरांच्या डोंगरांत हिमाची चांदणी हें त्यांचें चिन्ह. दुसरा उपाय फावड्याचा. बर्फ पायाखालीं दाबून कठीण होण्यापूर्वीच काढावा. मीठ टाकावें, पण उणे १० अंशांच्या खालीं त्याचा गुण फारच मंदावतो. तेथें वाळू बरी. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत उपेक्षित आहे. बर्फाची वार्ता कळतांच गाडी संध्याकाळींच वाटेच्या पायथ्याशीं सपाट जागीं आणून ठेवावी, आणि वाटेवर माणसांना चालण्यापुरती वाळू पसरावी. आमच्या परिचयाच्या त्या कुटुंबाला आम्हीं हेंच प्रथम सुचविलें. रात्रीं दवाखान्यांत जाण्याचा प्रसंग आला, तर शंभर फूट आधार देऊन चालविणें गाडी घसरविण्यापेक्षां केव्हांही निर्भय. आणि तेंही न झेपेल तर रुग्णवाहिकेला बोलवावें. त्यांत कमीपणा कसला?

येथील जीं कुटुंबें नाताळांत मनालीकडे जातात, त्यांनाही दोन शब्द. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झाल्यापासून हिमाच्या दिवसांत तिकडील गर्दी फार वाढली आहे. बर्फ पडला म्हणजे चारही चाकांना शक्ति पोहोंचणाऱ्या किंवा साखळ्या चढविलेल्या गाड्याच पुढें सोडण्याचा तेथें प्रघात आहे. भाड्याच्या गाडीच्या चालकाला निघण्यापूर्वी विचारावें, “भाऊसाहेब, साखळ्या आहेत ना?” आणि तो ‘आज पुढें जाणें ठीक नाहीं’ म्हणाला, तर भरलेल्या पैशांकडे बोट दाखवून त्याला भरीस घालूं नये. त्याच्या नकारांत आपल्या मुलांचें रक्षण असतें.

तात्पर्य, साखळी घ्यावी ती उतरणीचा विचार करून, गाडीचें पुस्तक वाचून आणि आपल्या हातांना सराव देऊन घ्यावी. एवढें करूनही पेटी वर्षभर बंदच राहिली, तर पैसे फुकट गेले असें समजूं नये. दाराच्या आंतील अडसर बहुतेक रात्रीं कोणी ढकलून पाहत नाहीं. म्हणून तो कोणी काढून टाकीत नाहीं.