बाटली दाखवा!

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा पहिल्याच खेपेला महाराष्ट्रातले जे मोजके जिल्हे निवडले गेले त्यांत सिंधुदुर्ग होता. सरकारी दवाखान्यात नोंद, हातात कार्ड, महिन्याच्या गोळ्या फुकट. तरीही तारकर्ली-देवबागच्या प्रेशरवाल्याला मोबाइलवर खुणावते ती ‘किडनी सांभाळणारी’ वनस्पतींची कॅप्सूल. जन्मभर गोळी घ्यायचा माणसाला कंटाळा येतो. मग ‘झाडपालोच तो, काय होतला?’

बरेच काही होते. वजन उतरवण्याची वनौषधी घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी १९९३मध्ये जगापुढे मांडले. त्या औषधात एका वनस्पतीऐवजी ईश्वरीच्या कुळातली विषारी वनस्पती गेली होती. इतक्या लांब तरी कशाला जा? परसातले बिंबल लोणच्यात उत्तम. पण कोलेस्टेरॉल उतरवायला त्याचा रस पेले भरून पिणाऱ्यांची मूत्रपिंडे ऑक्झॅलेटने तुंबल्याची नोंद केरळात आहे. ज्येष्ठमध रोज पोटात गेला तर रक्तदाब उलट चढतो. मूत्रपिंड अशक्त आणि टेल्मिसार्टन चालू, अशा माणसाने रोज शहाळ्यांवर शहाळी रिचवली, तर पोटॅशियम वाढून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. माडांच्या गावात हे सांगणे जिवावर येते, पण सांगायला हवे.

पुनर्नवा, गोखरू यांना आयुर्वेदात मान आहे. रोगी तपासून मात्रा ठरवणाऱ्या वैद्याशी आमचे भांडण नाही. भांडण कॅप्सूलच्या बाटलीशी आहे. अन्नपूरक म्हणून परवाना घेतला की ती कायद्याने खाद्य ठरते, रुग्णांवर गुण सिद्ध करून दाखवावा लागत नाही. जाहिरातीचा थाट मात्र औषधाचा! उच्च रक्तदाब बरा करण्याची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाने तो कायदा एकदा कपाटातून काढावा.

रक्तदाबाने मूत्रपिंड झिजते ते मुकाट्याने. पायाला सूज येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून प्रेशरचा आकडा लिहितात त्याच कार्डावर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन लिहिले जावे. खारा बांगडा आणि सुकट किती, तेही विचारावे. आणि ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी रुग्णाच्या घरी बसून, आवाज न चढवता विचारावा. रागावले की माणूस बाटली लपवतो.