इंजिनाची अदलाबदल

मोटारसायकल हा अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या आवडीचा विषय झाला आहे. जुन्या गाडीची चेसिस घ्यावी, मातीत धावणाऱ्या डर्ट बाईकचे इंजिन तीवर चढवावे आणि आपल्या मनाजोगी गाडी डांबरी रस्त्यावर काढावी, असे बेत मधल्या सुट्टीत रंगतात. पुष्कळ पालक यास नसती उठाठेव समजतात. आमचे मत तसे नाही. स्वतःच्या हातांनी काही घडवावे ही इच्छा देवाची देणगी आहे. ती दडपून टाकणे योग्य नव्हे. परंतु तिला ज्ञानाची जोड न देता मोकळे सोडणेही तितकेच अयोग्य होय.

इंजिन बसविणे म्हणजे केवळ चार बोल्ट आवळणे नव्हे. डर्ट बाईकला चढावर व चिखलात ओढ मिळावी अशा बेताने तिची दातेरी चक्रे योजलेली असतात. पुढील चक्रास 13 व मागील चक्रास 52 दाते असल्यास मागचे चाक एकदा फिरण्याकरिता पुढचे चक्र चार वेळा फिरावे लागते. हीच योजना नागपूरच्या लांब रस्त्यावर कायम ठेविली, तर इंजिन सतत अतिवेगाने फिरून तापते. चक्रे बदलली तरी ती दोन्ही एका सरळ रेषेत नसल्यास साखळी निसटते. चेसिसवर नवे वेल्डिंग केले म्हणजे सांध्यालगतचे पोलाद कमजोर होण्याचा संभव असतो, व रोजच्या कंपनाने तेथेच बारीक तडा जातो. ब्रेकचा हिशेब तर शाळेतच शिकविला जातो: वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत घालू नये, हा प्रभूचा दृष्टांत येथे किती चपखल बसतो!

हे भय केवळ पुस्तकी नाही. आपल्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे शेख इस्माईल शेख इब्राहिम हा 24 वर्षांचा तरुण वेल्डिंगचे काम करीत असे. त्याचे शिक्षण आठवीपर्यंतच झाले होते. तथापि त्याने मारुती 800 मोटारीचे इंजिन बसवून स्वतः हेलिकॉप्टर तयार केले. ऑगस्ट 2021 मध्ये त्याची चाचणी चालू असता मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला, आणि त्या पंख्याच्या आघाताने त्याचा अंत झाला. त्याच्या बुद्धीविषयी व चिकाटीविषयी कोणास शंका येईल? वेगाने फिरणाऱ्या पात्यावर किती ताण येतो याचे गणित मांडून देणारा जाणता माणूस अशा प्रत्येक मुलाजवळ असावा, एवढेच आम्ही या दुःखद घटनेवरून म्हणतो.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 52 अन्वये, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. तसेच अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा अपराध घडल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

मग मुलांनी हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. 2007 साली पिथमपूर येथे सुरू झालेल्या बाजा स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः घडविलेली वाहने चालवितात. मात्र ती सार्वजनिक रस्त्यावर नव्हे, तर राखीव मार्गावर, आणि ब्रेकची परीक्षा उतरल्यावरच. यवतमाळ येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, तंत्रनिकेतनही आहे. ज्यास इंजिनाची गोडी आहे त्याने ती वाट धरावी. तोवर शाळेत एखादे भंगारातील इंजिन आणून शिक्षकांच्या देखरेखीखाली ते खोलावे, मोजावे व पुन्हा जोडावे, अशी आमची सूचना आहे. त्यास खर्च थोडा लागेल. लाभ मात्र मोठा होईल.

पालकहो, आपला मुलगा अथवा मुलगी काळ्या तेलाने माखलेले हात घेऊन घरी आली, तर रागावू नका. आज काय खोलले, आणि तो भाग तेथे तसाच का बसविलेला होता, हे अगत्याने विचारा.