परीक्षेतील चोरी आणि शिफारशीची चिठ्ठी

परीक्षांचे दिवस आले की भरारी पथके फिरू लागतात, कॉपी पकडल्याच्या बातम्या छापून येतात आणि तरुण पिढी बिघडली असा निष्कर्ष काढून समाज मोकळा होतो. पनवेलही त्याला अपवाद नाही. गरिबाचा मुलगा आहे, एवढ्या वेळी सोडून द्या, असे म्हणणारेही येथे कमी नाहीत. वरवर पुरोगामी वाटणारी ही भूमिका मुळातच तपासली पाहिजे.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पनवेल-उरण परिसरातील शेतकऱ्यांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले. ज्या घरातील जमीन गेली, त्या घरात मुलांची पदवी हीच उरलेली पुंजी. धनिकाच्या मुलाला ओळखी असतात, भांडवल असते. कष्टकऱ्याच्या मुलाच्या बाजूने साक्ष देणारा कागद एकच, त्याची गुणपत्रिका. त्या कागदाची पत गेली, तर पहिला बळी त्याचाच जातो. म्हणून कॉपीला अभय देणे ही गरिबांविषयीची कणव नव्हे; तो प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या गरिबांचा विश्वासघात आहे.

परंतु प्रामाणिकपणाचा धडा फक्त बाकावर बसणाऱ्यांनीच गिरवावा काय? मुंबई विद्यापीठाच्या १९८५ च्या एम.डी. परीक्षेतील गुणांच्या फेरफाराचे प्रकरण एका परीक्षार्थी डॉक्टराने उच्च न्यायालयात नेले. लाभ झालेल्यांत मुख्यमंत्र्यांची कन्या होती. न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील-निलंगेकर यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. परीक्षेतील गैरप्रकार रोखण्यासाठी राज्याने १९८२ मध्येच कायदा केला होता. कायदा होता, सत्तेच्या सावलीत तो पोहोचला नाही, एवढेच.

नियमांतही हा भेद दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात साठ टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला आढळल्यास संशोधक विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. तेवढीच उचलेगिरी अध्यापकाने केली तर त्याचे लिखाण मागे घेतले जाते, दोन वेतनवाढी रोखल्या जातात आणि तीन वर्षे मार्गदर्शक होता येत नाही. एकाचे शिक्षण संपते, दुसऱ्याची नोकरी टिकते.

मग करावयाचे काय? कॉपी सापडलेल्या विद्यार्थ्यावरील आरोप त्याला लेखी कळवावा, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि निर्णय चौकशी समितीने कारणांसह द्यावा. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी. पहिल्या चुकीसाठी आयुष्य उद्ध्वस्त होऊ नये, पण चूक झाकलीही जाऊ नये. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, पुढील वर्षी काम मिळेल की नाही याची शाश्वती नसलेल्या अध्यापकाकडून वजनदार घरच्या मुलाची कॉपी धरण्याची अपेक्षा शासनाने कोणत्या तोंडाने करावी? रिक्त जागा कायमस्वरूपी भरणे हाही कॉपीमुक्तीचाच कार्यक्रम आहे. वर्षभर वर्ग रिकामे ठेवून परीक्षेच्या दिवशी पोलीस उभे करणे म्हणजे विहीर न खणता तहानेवर बंदी घालणे होय.

शेवटचा प्रश्न मात्र कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारावयाचा आहे. पकडलेल्या मुलाचा बाप रात्री दाराशी येतो, तेव्हा प्राचार्यांच्या नावे चिठ्ठी लिहून देणे सोपे असते. त्यातून मतेही मिळतात. पण १९८६ मध्ये ज्या वशिल्याविरुद्ध महाराष्ट्र संतापला, तोच वशिला लहान आकारात आपल्या हातून चालत असेल, तर संतापण्याचा अधिकार उरत नाही. कार्यकर्त्याने त्या बापाबरोबर जरूर जावे. चौकशी न्यायाने व्हावी, असा आग्रह धरण्यासाठी जावे. ती होऊ नये यासाठी नव्हे.