खडीचा भार कोणाच्या माथी?

वडोदऱ्यात देवळाचा सभामंडप बांधावयाचा, तरी खडी खाणीवरून मालमोटारीनेच येते. जादा भाराचा नफा मालकाचा. नाक्यावर पकडला जातो तो मात्र चालक! त्याने नकार द्यावा, असे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो, उद्याची फेरी त्याला कोण देणार? चालक स्वतः मालक नसेल, तर अतिभार मालकाच्या माहितीने वा हुकुमानेच झाला, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ अन्वये न्यायालयास गृहीत धरता येते. २०१९ च्या दुरुस्तीने दंड २०,००० रुपये, शिवाय जादा टनामागे २,००० असा ठरला; तो चालकाच्या पगारातून कापणे हा शुद्ध अन्याय होय. विश्वस्तांनी वजनकाट्याची पावती पाहिल्यावाचून खडी उतरवून घेऊ नये. गरिबाच्या माथी मारलेल्या भारावर उभा राहिलेला मंडप देवालाही जड होईल.