विमानाचा रस्ता आणि आपली वर्गखोली



आमची शाळा मिहानच्या बाजूची. श्रुतलेखनाचं वाक्य सांगत असताना डोक्यावरून विमान गेलं की मी थांबते. मुलंही पेन्सिल धरून थांबतात. आवाज ओसरला की तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून. परवा भूगोलाच्या तासाला वारे शिकवताना असंच झालं, तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "मॅडम, आपल्याइथं समुद्र असता तं विमान तिकडूनच गेलं असतं ना?"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विमान कुणाच्या घरावरून जातं आणि कुणाच्या जात नाही, हे ठरतं कसं? आणि ते बदललं की खाली राहणाऱ्यांचं काय होतं?

आकाशातला रस्ता कोण आखतो?

पहिला वाटा वाऱ्याचा. विमान शक्यतो वाऱ्याच्या समोरून उतरतं आणि वाऱ्याच्या समोरच उडतं. म्हणून धावपट्टी बांधताना त्या भागात वारा बहुतेक कुठून येतो ते बघतात. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळाची धावपट्टी १४/३२ या नावाने ओळखली जाते. म्हणजे एका टोकाकडून निघालं तर होकायंत्रावर साधारण १४० अंश, दुसऱ्या टोकाकडून निघालं तर ३२० अंश. फरक बरोबर १८० अंशांचा. कोन शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण कोणतं?

दुसरा वाटा माणसांचा. धावपट्टी कुठे बांधायची, कोणत्या वेळी कोणतं टोक वापरायचं, विमानाने कुठे वळायचं, हे नियोजनाचे निर्णय आहेत. वारा आपल्या हातात नाही, नियोजन आहे. माझं सगळं म्हणणं या दुसऱ्या वाट्याबद्दल आहे.

मुंबईला समुद्र असूनही

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. मुंबईला समुद्र आहे. तिथली मुख्य धावपट्टी ०९/२७, म्हणजे पूर्व-पश्चिम. वर्षातला बराच काळ वारा समुद्राकडून येतो. त्यामुळे विमानं पश्चिमेकडे उडतात आणि विलेपार्ले-जुहू ओलांडून लगेच पाण्यावर जातात. पण उतरणारी विमानं येतात पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्याच्या दाट वस्तीवरून. म्हणजे समुद्राचा फायदा निम्म्या शहराला, आवाजाचा भार उरलेल्या निम्म्याला. दुसरी धावपट्टी १४/३२ ही पहिलीला छेदून जाते. मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद झाली की वाहतूक तिच्यावर वळते आणि आवाजाला पत्ते नवे मिळतात.

हा रस्ता फक्त माणसांच्या डोक्यावरून जात नाही. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाला घाटकोपरजवळ रोहित पक्ष्यांचा थवा धडकला. विमान सुखरूप उतरलं, पण तीसहून जास्त पक्षी मेले. आता खाडीच्या पलीकडे नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. दोन विमानतळ इतके जवळ असले की एकाच्या वाटा आखताना दुसऱ्याच्या बघाव्याच लागतात. एकाच आकाशाची ही नवी वाटणी आहे. जमिनीची वाटणी झाली की सातबारा निघतो. आकाशाच्या वाटणीत खालच्या शाळेला कुणी विचारत नाही.

म्युनिकची मुलं

"थोडा आवाज आला तर काय बिघडतं, सवय होते," असं पालक म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. पण जर्मनीतल्या म्युनिकचं उदाहरण वाचलं आणि मत बदललं.

म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद झाला आणि दुसरीकडे नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांच्या चाचण्या बदलाच्या आधी घेतल्या आणि नंतरही घेतल्या. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि दीर्घकाळ लक्षात ठेवणं घसरलं. आणि जिथला आवाज थांबला, तिथल्या मुलांचं सुधारलं. मुलं तशीच होती. बदलला होता तो विमानांचा रस्ता.

पुढे लंडन, ॲमस्टरडॅम आणि माद्रिद इथल्या विमानतळांजवळच्या ८९ शाळांतल्या ९-१० वर्षांच्या २,८४४ मुलांचा अभ्यास झाला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. विमानांचा आवाज जितका जास्त, तितकं वाचलेलं समजण्यात मूल मागे, असं त्यात दिसलं. म्हणजे आपल्याला वाटते ती सवय होते कानांना. वाचनाला होत नाही.

म्युनिकची दुसरी बाजूही विसरू नका. आवाज थांबल्यावर मुलं सावरली. म्हणून या बाबतीत काही करणं वाया जात नाही.

५० की ७०?

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. शाळा-दवाखान्यांभोवती जाहीर झालेल्या शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. विमानतळांसाठी २०१८ मध्ये वेगळी मर्यादा आली. वर्दळीच्या विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात दिवसा ७०, इतर विमानतळांना ६५. दर १० डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ५० आणि ७० मध्ये चौपटीचा फरक. मग विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात शाळा असेल तर कोणता आकडा धरायचा? फाटकाबाहेर हॉर्न वाजवू नका अशी पाटी लावायची आणि वरून जाणाऱ्या आवाजाला मोजायचंही नाही, हे मला पटत नाही.

आत्ताच का बोलायचं?

कारण आपल्या विमानतळाचा विस्तार व्हायचा आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला सुमारे ७,००० कोटींच्या कामाचं भूमिपूजन झालं. सध्याच्या ३,२०० मीटरच्या धावपट्टीला समांतर अशी ४,००० मीटरची दुसरी धावपट्टी नियोजनात आहे. शिवणगावच्या लोकांनी या प्रकल्पासाठी जमिनी दिल्या. त्यांच्या मोबदल्याची, पुनर्वसनाची चर्चा झाली, व्हायलाच हवी. पण नव्या धावपट्टीवरून उडणारी विमानं कोणत्या शाळांवरून जातील, ही चर्चा मी अजून एकाही पालकसभेत ऐकली नाही.

गैरसमज नको. मिहान नको असं मी म्हणत नाही. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांचे आईबाबा तिथेच कामाला जातात. त्यांच्या पगारावर घर चालतं, फी भरली जाते. मागणं एवढंच आहे की वाटा आखताना नकाशावर शाळाही दाखवा. दुसरी धावपट्टी सुरू होण्याआधी एकदा शाळांत आवाज मोजा आणि नंतर पुन्हा मोजा. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याची धावपट्टी दुपारी ३ वाजता बदलतात. त्यामुळे खालच्या वस्त्यांना ठरलेल्या वेळी उसंत मिळते. आपल्याकडे दोन समांतर धावपट्ट्या झाल्या, तर शाळेच्या वेळेचा असा विचार का होऊ नये? आणि जिथे आवाज टाळताच येणार नाही, तिथे वर्गांच्या खिडक्या-छताचा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात धरा.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांनी एक आठवडा वहीत नोंद ठेवावी: विमान किती वाजता गेलं, कोणत्या दिशेला गेलं, शिकवणं किती सेकंद थांबलं. ही नोंद मुलांकडूनच करून घ्या. दिशा, कोन, सरासरी, आलेख, सगळं त्यात येतं. पालकांनी ती वही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवावी. "फार आवाज होतो हो" या तक्रारीला कुणी भाव देत नाही. तारीख-वेळेसह लिहिलेल्या पानाला उत्तर द्यावं लागतं.

आमच्या वर्गाने सोमवारपासून वही सुरू केली आहे. पहिली नोंद समुद्राचा प्रश्न विचारणाऱ्यानेच केली: ११ वाजून ४० मिनिटं, ३८ सेकंद. शेरा या रकान्यात त्याने लिहिलंय, "मॅडमनं वाक्य पुन्हा सांगितलं."

तुमच्या शाळेवरूनही विमानं जात असतील, तर तुमच्या नोंदी जरूर कळवा.